पडणे परवडले पाहिजे

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



लग्नाच्या मांडवावर भुंग्यासारखा गुणगुणत फिरणारा ड्रोन आता कोणालाच नवा राहिलेला नाही. वरात निघाली की लहान मुले घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाहण्याआधी त्याच्याकडे पाहतात. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात एक हजार ड्रोननी अंधारात प्रकाशाच्या आकृत्या रेखाटल्या. आयआयटी दिल्लीत उगम पावलेल्या बोटलॅब डायनॅमिक्स या तरुण कंपनीचे ते काम होते. असली दृश्ये पाहून वाढलेल्या मुलांनी वाढदिवसाला ड्रोन मागितला, तर त्यात नवल ते काय? पालकसभेत मग तीन प्रश्न हमखास निघतात. घ्यावा का? केवढ्याचा घ्यावा? आणि घेतलाच तर मुलाच्या हाती केव्हा द्यावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जरूर घ्यावा. दुसऱ्याचे उत्तर असे, की जो पडला तर घरात सुतक पाळावे लागणार नाही, असा घ्यावा. तिसऱ्याचे उत्तर थोडे लांब आहे, आणि या व्याख्यानाचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे.

बाजारात पन्नास-साठ हजारांचे, लाखाचेही ड्रोन असतात. उपग्रहांकडून स्वतःची जागा ओळखणारे, वाटेतले झाड पाहून थांबणारे, बटण दाबताच उडाल्या जागी परत येणारे. उत्साही वडील अशाच यंत्रापासून प्रारंभ करतात. पहिल्या दिवशी ते सुरेख उडते, दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीला घासते, आणि तिसऱ्या दिवसापासून ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ या सबबीखाली कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसते. तिथून ते पुन्हा खाली येत नाही. महाग वस्तू मुलाला शिकू देत नाही, कारण ती त्याला चुकू देत नाही. परवडणारा ड्रोन म्हणजे विकत घेणे परवडणारा एवढाच अर्थ घेऊन चालत नाही. तो पडणे परवडले पाहिजे. एकदा नव्हे, पहिल्या महिन्यात पन्नास वेळा.

या दृष्टीने एक उदाहरण फार बोधक आहे. २०१८ साली ‘टेलो’ नावाचा एक छोटा ड्रोन बाजारात आला. चीनमधील शेनझेनच्या राइझ टेक या कंपनीने तो तयार केला. त्यातले उड्डाणतंत्र डीजेआयचे आणि प्रोसेसर इंटेलचा. अमेरिकेत त्याची किंमत ९९ डॉलर होती. वजन बॅटरी व पात्यांसह सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे अंघोळीच्या साबणाच्या वडीपेक्षाही कमी. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, साधारण १३ मिनिटांचे उड्डाण आणि मोबाइल फोनच्या पडद्यावरून चालणारे नियंत्रण. पात्यांभोवती बसवायची संरक्षक कडी सोबतच मिळत. असा ड्रोन पुरुषभर उंचीवरून जमिनीवर पडला, तर बहुधा एखादे पाते निघते. ते बसवून पुन्हा उडवता येतो. शिकण्यासाठी यंत्र कसे असावे याचा हा जणू नमुनाच होता.

होता, असे म्हणण्याचे एक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीस मनाई केली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरतेच अपवाद ठेवले. सुटे भाग मात्र आणता येतात. माजी विद्यार्थ्यांपैकी जे परदेशात स्थायिक आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. भाच्यासाठी प्रेमाने बॅगेत घातलेला ड्रोन विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या मेजावर राहून जायचा आणि भाचा वाट पाहत बसायचा. देशात जुळवलेले खेळण्यातले छोटे ड्रोन काही हजार रुपयांत मिळतात. कॅमेरा यथातथाच असतो, पण पहिल्या सहा महिन्यांना तेवढा पुष्कळ झाला.

आता यंत्राविषयी थोडेसे. चार बाहूंच्या टोकांना चार मोटारी, चार पाती. त्यांतली समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि उरलेली दोन उलट दिशेने. सगळी एकाच दिशेने फिरली असती तर ड्रोनचे धडच भोवऱ्यासारखे उलट गरगरले असते. दोन जोड्या परस्परांची ओढ फेडतात म्हणून ते स्थिर राहते. चारही पाती वेगाने फिरली की ड्रोन वर चढतो. मागची दोन अधिक वेगाने फिरली की तो नाक खाली करून पुढे सरकतो. एका कर्णावरची जोडी वेगवान केली की तो जागच्या जागी वळतो. विमानाला शेपूट आणि सुकाणू लागते, याला काहीच लागत नाही. सारे काम चार मोटारींच्या वेगातल्या फरकावर चालते. नववीच्या विद्यार्थ्याला न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदुकीच्या धक्क्याचे उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते. बंदूक वर्गात आणता येत नाही, ड्रोन आणता येतो. पाती दोन प्रकारची असतात आणि ज्याची त्याच जागी बसवावी लागतात. जागा चुकली तर ड्रोन जमिनीवरच कोलांटी खातो. प्रत्येक नवशिक्याच्या हातून हे एकदा घडतेच, आणि त्यानंतर तिसरा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

नियंत्रणासाठी दोन दांड्या असतात. फोनच्या पडद्यावर असतील तर दोन वर्तुळे. बहुतेक यंत्रांत डावी दांडी पुढे-मागे केली की ड्रोन वर-खाली जातो आणि बाजूला केली की स्वतःभोवती वळतो. उजव्या दांडीने तो पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकतो. वाचायला पाच ओळी, पण बोटांना समजायला पंधरवडा लागतो.

पहिला धडा सभागृहात घ्यावा. बाके भिंतीशी सरकवावीत आणि, हे विसरू नये, छताचे पंखे बंद करावेत. ड्रोन छातीइतक्या उंचीवर न्यावा आणि तिथेच ठेवावा. एवढाच धडा. एक पूर्ण बॅटरी संपेपर्यंत त्याने इकडे तिकडे जायचे नाही. मुलांना हे अतिशय कंटाळवाणे वाटते, कारण त्यांच्या मनात तो केव्हाच मांडवीच्या बुरुजावर पोहोचलेला असतो. पण अधांतरी एका जागी ठेवणे हेच या विद्येतले गमभन आहे. ज्याला ते साधले नाही, त्याला पुढचे काहीही साधत नाही.

या धड्यात एक गोष्ट दरवेळी पाहायला मिळते. ड्रोन भिंतीकडे सरकू लागला की मूल घाबरते, आणि घाबरलेला हात डावी दांडी पूर्ण पुढे ढकलतो. वर गेला म्हणजे सुटला, अशी काहीतरी आदिम समजूत असावी. ड्रोन थेट छतावर आपटतो. वास्तविक अशा वेळी करायचे ते याच्या नेमके उलट असते. दोन्ही दांड्या सोडून द्यायच्या. टेलोसारख्या यंत्राच्या पोटाशी जमिनीकडे पाहणारा एक छोटा कॅमेरा व अंतर मोजणारा संवेदक असतो. त्यांच्या आधाराने, दांड्या सोडल्या की ड्रोन आहे तिथे थांबून राहतो. भीती वाटत असताना हात सैल सोडायचा, हे आठवीतल्या मुलाला सांगून कळत नाही; चार वेळा आपटल्यावर कळते. त्याहून स्वस्त खेळण्यांत हा संवेदक नसतो, आणि दांड्या सोडल्या तरी ड्रोन वाऱ्याच्या झुळकीसरशी वाहवत जातो. तिथे सतत किंचित उलट दाब देत राहावे लागते. कठीण असते, पण त्यावर शिकलेला हात पुढे कोणत्याही यंत्रावर बसतो. ज्याने उपग्रहांच्या भरवशावर प्रारंभ केला, तो मात्र एखाद्या दिवशी दाट झाडीखाली उपग्रहांचा संकेत हरपताच रिकाम्या हातांनी उभा राहतो.

पोटाखालचा कॅमेरासुद्धा फसतो. फरशी आरशासारखी चकचकीत असेल, अगदी एकरंगी असेल किंवा खोलीत प्रकाश अपुरा असेल, तर त्याला खाली धरून ठेवण्याजोगी खूण सापडत नाही आणि ड्रोन भरकटतो. सभागृहात रंगीबेरंगी सतरंजी अंथरली की तोच ड्रोन शहाण्यासारखा वागू लागतो. वार्षिकोत्सवात पाहुण्यांच्या पायाखाली येणारी सतरंजी अशीही उपयोगी पडते.

दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण उभी राहते, आणि ती दिशेची असते. ड्रोनचे नाक शिकणाऱ्यापासून दूर असते तोवर त्याचा उजवा आणि ड्रोनचा उजवा एकच. नाक शिकणाऱ्याकडे वळले की सगळे उलटे होते. उजवीकडे दांडी दिली की ड्रोन पाहणाऱ्याच्या डावीकडे जातो. चांगले शिकलेले प्रौढ लोकही इथे गोंधळतात. कवायतीच्या शिक्षकांना मात्र ही विद्या अवगत असते. मुलांसमोर तोंड करून उभे राहिल्यावर मुलांनी उजवा हात वर करावा म्हणून ते स्वतः डावा हात वर करतात, आणि तेही विचार न करता. नवशिक्याने आरंभी एक युक्ती लक्षात ठेवावी. ड्रोन समोर तोंड करून ज्या बाजूला घसरत असेल, दांडी त्याच बाजूला द्यावी, तो सावरतो. पुढे युक्ती विसरली जाते, कारण शिकणारा मनाने ड्रोनमध्ये बसून त्याच्या बाजूने पाहू लागतो. हे परिवर्तन कोणत्या दिवशी झाले, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. मग चौकोन, मग चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर नाक वळवून चौकोन, आणि शेवटी इंग्रजी आठच्या आकाराची फेरी. दोन खुर्च्यांभोवती तो आठ न अडखळता पुरा झाला की सभागृहातील शिक्षण संपले असे मानायला हरकत नाही.

इथे पालकांविषयी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. मुलाच्या हातून ड्रोन दुसऱ्यांदा पडला की वडील म्हणतात, “आण इकडे, दाखवतो.” मग तासभर वडीलच दाखवत राहतात. मूल बाजूला उभे राहून बॅटरी संपण्याची वाट पाहते. १३ मिनिटांच्या उड्डाणात ‘दाखवण्या’ला किती वेळ द्यायचा, याचा हिशेब प्रत्येक घराने करावा. आणि ज्या घरात मुलगा व मुलगी दोघेही आहेत तिथे रिमोट आपोआप मुलाकडे आणि टाळ्या वाजवण्याचे काम मुलीकडे जाते, हेही पुष्कळदा दिसते. केंद्र सरकारने २०२३ साली मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना शेतात फवारणी करणारे ड्रोन देण्याचे ठरले. खेड्यापाड्यांतल्या गृहिणी हे यंत्र हाताळायला शिकतात, आणि शहरातल्या सुशिक्षित घरात मुलीने नुसते पाहत उभे राहावे, हे काही बरे दिसत नाही.

हाताने उडवणे जमले की टेलोचा आणखी एक उपयोग होतो. लिहिलेल्या आज्ञांनुसार तो उडतो. लहान मुलांसाठी स्क्रॅच, मोठ्यांसाठी पायथन. आज्ञा अगदी साध्या असतात: उड, शंभर सेंटिमीटर पुढे जा, नव्वद अंश वळ, उतर. पुढे जाणे आणि नव्वद अंश वळणे चार वेळा लिहिले की चौरस होतो. मुले खूश होतात. मग त्यांना समभुज त्रिकोण करायला सांगावे. सगळी मुले एकमुखाने साठ अंश लिहितात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे त्यांनी पाठ केलेले असते. ड्रोन पहिली बाजू नीट जातो, साठ अंश वळतो, दुसरी बाजू जातो आणि तिसऱ्या बाजूला भलतीकडेच निघतो. सहा वेळा केले तर षटकोन होतो! उडणारा पदार्थ आतल्या कोनाने वळत नाही. सरळ जाण्याची दिशा सोडून जितके वळायचे तो बाहेरचा कोन असतो, आणि तो इथे १२० अंशांचा. बहुभुजाच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश, हे प्रमेय भूमितीच्या पुस्तकात एका पानावर निमूटपणे पडून असते. सभागृहात, भिंतीच्या दिशेने सुटलेल्या ड्रोनमागे धावताना ते जिवंत होते. चुकीचा ‘साठ’ लिहिण्यापासून मुलांना आधीच अडवणारे शिक्षक चांगले शिक्षक नव्हेत, असे इथे ठामपणे म्हणावेसे वाटते. त्रिकोण बरोबर लिहिला तरी ड्रोन निघाल्या जागी तंतोतंत उतरत नाही, दोन-चार बोटे इकडे तिकडे होतोच. कागदावरचा त्रिकोण आणि हवेतला त्रिकोण यांतील हे अंतर मोजून वहीत लिहून ठेवण्यासारखे असते.

आता सभागृहाबाहेर. बडोद्याच्या मुलांना वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ज्याने अगाशीवर उभे राहून फिरकी धरली आहे, त्याला ठाऊक असते की खाली वारा पडलेला असला तरी वर तो वाहत असतो, आणि पाण्याच्या टाकीच्या आड तो घोटाळतो, गोते खातो. फक्त एक गोष्ट उलटी करून घ्यावी लागते. पतंगाला वारा हवा असतो, ड्रोनला तो नको असतो. ८० ग्रॅमचे यंत्र साध्या झुळकीनेही वाहवते. वाऱ्याबरोबर दूर जाणे फार सोपे, परत येताना तोच वारा समोर उभा राहतो आणि बॅटरी अर्ध्या वाटेत संपते. म्हणून आरंभी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, येताना वाऱ्याने आणून सोडावे. पहाटेची वेळ उत्तम. वारा निजलेला असतो आणि बघ्यांची गर्दीही नसते. उत्तरायणाच्या दिवसांत मात्र ड्रोन घरातच बरा. मांजा दिसत नाही, पात्यांना गुंडाळला जातो, आणि वरून कोसळणारा ड्रोन ‘काइपो छे’च्या गजरात कोणाच्या डोक्यावर उतरेल ते सांगता येत नाही. १४ जानेवारी उलटली तरी झाडांना आणि तारांना तुटलेला मांजा कित्येक आठवडे लोंबत असतो, तेवढे दिवसही थांबावे.

बाहेर पडण्याआधी कायदा. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत वजनावरून पाच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, आणि वरचे तीन मोठ्या कामांचे. घरगुती नवशिक्याला पहिल्या दोहोंशीच कर्तव्य आहे. नॅनो ड्रोन उडवण्यास आणि व्यवसायाव्यतिरिक्त मायक्रो ड्रोन उडवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. एवढे ऐकून पुष्कळ पालक निर्धास्त होतात. पण प्रमाणपत्राची सूट म्हणजे आकाशाची मोकळीक नव्हे. नोंदणीचे आणि ओळख क्रमांकाचे नियम आहेत, ते खरेदीपूर्वी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. आणि देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा व लाल असा नकाशा केलेला आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगीवाचून उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. त्याहून आत पिवळा किंवा लाल भाग. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची, लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता हा नकाशा बडोद्यावर ठेवून पाहावा. हरणीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, सयाजी बाग हे सारे त्याच्यापासून ८ किलोमीटरच्या आत येते. शिवाय मकरपुऱ्याला हवाई दलाचा तळ आणि कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना. याचा अर्थ असा, की ज्या वाड्यांत आणि पोळांत शाळेची बहुतेक मुले राहतात, तिथल्या अगाशीवरून ड्रोन उडवणे, तो कितीही चिमुकला असला तरी, नियमात बसत नाही. हे सांगितले की मुलांचे चेहरे उतरतात, आणि ते स्वाभाविक आहे. शहराबाहेर, नकाशात हिरवे दिसणाऱ्या उघड्या रानात, शेतमालकाला विचारून, महिन्यातून एखाद्या रविवारी जावे; उरलेले दिवस सभागृह. उतरत्या विमानाच्या इंजिनासमोर ८० ग्रॅमची वस्तू आली तर काय होईल, याचा प्रयोग करून पाहण्याची मुभा कोणालाच नाही.

अगाशीला दुसरीही एक बाजू आहे. ड्रोनला डोळा असतो. वाड्यातल्या अगाश्या एकमेकींना चिकटलेल्या. कोणी पापड वाळत घालते, कोणी न्हाऊन केस सुकवत बसते. शेजारच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या मुलाला आजवर आजी दटावत होत्या. कॅमेरा डोकावतो तेव्हा दटावायचे कोणाला, तेच कळत नाही, कारण उडवणारा दोन घरे पलीकडे असतो. मुलाच्या हाती कॅमेरा देण्यापूर्वी हे घरातच बोलले गेले पाहिजे. न विचारता कोणाच्याही घरावर, अंगणावर, माणसावर तो न्यायचा नाही. चित्रण मनोहर झाले, कोणाचे नुकसान झाले नाही, हा त्यावर बचाव होऊ शकत नाही.

शिक्षणाच्या दृष्टीनेही कॅमेरा उशिराच यावा. कॅमेरा सुरू झाला की नजर फोनच्या पडद्यावर खिळते, आणि पडद्यावर फक्त समोरचे दिसते; पाठीमागची फांदी दिसत नाही. नवशिक्यांचे पुष्कळ अपघात मागे सरकताना होतात, ते यामुळेच. उडवणाऱ्याची नजर ड्रोनवर हवी, आणि ड्रोन नेहमी नजरेच्या टप्प्यात हवा. चित्रण करायचे तेव्हा दोघांनी मिळून करावे. एकाने पडदा पाहावा, दुसऱ्याने आकाश. बहीण-भावंडांत हे काम आळीपाळीने वाटून देता येते आणि भांडणेही निम्म्याने कमी होतात, निदान तशी आशा असते. आणि हालचाल संथ हवी. नवशिक्याचे चित्रण ओळखू येते ते गरागरा वळण्यावरून. चांगले चित्रण करणारा एका वेळी एकच दांडी, तीही मुंगीच्या पावलांनी हलवतो.

बॅटरीबद्दल मात्र चूक परवडत नाही. ती लिथियमची असते. उड्डाणानंतर तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नये, पूर्ण भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे ठेवू नये, रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी कितीही ‘चालते आहे’ असे वाटले तरी वापरू नये. तिला टोचणे, दाबणे तर मुळीच नाही. ३० टक्के उरली की उतरायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आणि उतरत्या किंवा पडत्या ड्रोनला हाताने झेलायला जाऊ नये. पाती लहान असली तरी बोट कापतात. तोल गेलाच तर मोटारी बंद करून त्याला पडू द्यावे. तेवढ्यासाठीच तो स्वस्त घेतलेला असतो. पात्यांचा एक सुटा संच आणि दोन जादा बॅटऱ्या ड्रोनबरोबरच घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच रविवारी पाऊण तासाच्या प्रवासानंतर तेरा मिनिटांत परत फिरावे लागते.

ज्या मुलाला किंवा मुलीला याचा पुढे व्यवसाय करायचा असेल, त्यांच्यासाठी वाट आखलेली आहे. वय १८ पूर्ण, दहावी उत्तीर्ण, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतील प्रशिक्षण. मोजणी, शेती, पुलांची व वीजवाहिन्यांची तपासणी, चित्रपट, सगळीकडे हे काम आहे. आठवीत सतरंजीवर ड्रोन स्थिर धरणाऱ्या मुलीला दहावीपर्यंत दोन वर्षे आणि प्रमाणपत्राच्या वयापर्यंत चार-पाच वर्षे मिळतात. घाई कोणालाच नाही.

हीरक महोत्सवानिमित्त एक सूचना अनेक माजी विद्यार्थ्यांकडून आली होती. मैदानावर सगळ्या मुलांनी ‘६०’ या आकड्याच्या आकारात उभे राहावे आणि वरून ड्रोनने छायाचित्र घ्यावे. सूचना मोहक होती. परंतु मैदान विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत, आणि खाली शेकडो मुलांची डोकी. म्हणून मुले उभी राहिली आणि छायाचित्र इमारतीच्या गच्चीवरून, टाकीच्या शिडीवर चढून काढले गेले. स्मरणिकेत ते पाहायला मिळेलच. कोन तिरका पडल्यामुळे शून्य अंड्यासारखे दिसते, आणि सहाच्या शेपटातली पहिलीची मुले वर न पाहता एकमेकांशी बोलत आहेत.